घरचे घरी : दिवाळीत खूण, चैत्रात डागडुजी

दिवाळी आली की घरावर रंगाचा हात फिरतो. भिंती उजळतात, दारे चकाकतात आणि छताच्या कोपऱ्यातील ओलीचा डाग रंगाखाली गुपचूप झाकला जातो. "अहो, पुढच्या पावसात तो पुन्हा डोके वर काढील हं!" असे गृहिणीने बजावावे आणि "अगं, पाहुणे काय छताकडे बघत बसणार आहेत?" असे यजमानांनी उत्तर द्यावे, हा संवाद गारखेड्यातच काय, घरोघरी ठरलेला!

तेव्हा वाचकहो, आमचे सांगणे एवढेच : डाग झाकायचा तर खुशाल झाका, पण त्याची जागा वहीत टिपून ठेवा. गच्ची कोठे गळते हे एरवी शोधायचे तर तिच्यावर दिवसभर पाणी साठवून पाहावे लागते. आमच्या छत्रपती संभाजीनगरात ती चैन कोणाला परवडणार? मलिक अंबरने सतराव्या शतकात भाजक्या मातीच्या नळांतून या गावाला पाणी खेळवले. आज ते पैठणच्या नाथसागरातून, सुमारे ५० किलोमीटर अंतरावरून, यंत्रांनी वर चढवून आणावे लागते. आणि नळाची वाट पाहण्यात इथल्या गृहिणींची वर्षे गेली आहेत. पावसाने गच्चीची परीक्षा फुकट घेतलीच आहे. निकाल तेवढा जपायचा!

उपाय मात्र फाल्गुन-चैत्रात करावा. तोवर छत आतपर्यंत सुकलेले असते. प्रथम पन्हाळीच्या तोंडचा पाला काढा. बारीक भेग लोखंडी पट्टीने खरवडून, तारेच्या ब्रशाने धूळ झाडून मोकळी करा. मग भेगा बुजवण्याचे तयार मिश्रण दुकानातून आणून ते डब्यावरील सूचनेप्रमाणे भरा. काम सकाळी उरका. साधे सिमेंट वापरले असेल, तर ओले गोणपाट टाकून ते काही दिवस ओलसर ठेवा. नाही तर ऊन त्याला पुन्हा तडे पाडील.

आता नळाकडे वळू. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब सांडतो. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी ते सव्वाचार लिटर झाले, म्हणजे आठवड्याला दोन बादल्या! आणि त्यावर औषध काय, तर रबराची एक चकती, म्हणजे वॉशर. टाकीखालचा कॉक बंद करा, पान्याने नळाचे डोके उघडा, झिजलेला वॉशर काढून त्याच मापाचा नवा बसवा. अर्ध्या फेऱ्यात बंद होणारा नव्या धर्तीचा नळ असेल, तर त्यात बहुधा असा वॉशर नसतो. आतला भागच बदलावा लागतो. जुना भाग दुकानात नेऊन दाखवावा, म्हणजे फेऱ्या वाचतात.

अंगणातही काम असतेच. कडुलिंब याच सुमारास पाने गाळतो. ती पेटवून शेजाऱ्यांच्या डोळ्यांत धूर कशाला? झाडांच्या आळ्यांत चार बोटे जाड पसरा. ओल टिकते, पाणी कमी लागते. भिंतीच्या फटीत पिंपळाचे रोप दिसले, तर ते बोटभर असतानाच मुळासकट काढा. उपटणे जिवावर येत असेल, तर मोकळ्या जागी नेऊन लावा. पुण्यही लाभेल आणि भिंतही वाचेल. जोत्याभोवती पाणी मुरू देऊ नका. आपल्याकडची काळी माती ओलीने फुगते, उन्हाने आकसते आणि फरशीला, भिंतीला तडे पाडते.

मात्र हौसेला मर्यादा हवी. छताचा गिलावा सुटून गज दिसू लागले, भेग रुंदावत चालली किंवा विजेच्या बटनाजवळ ओल आली, तर स्वतः हात घालू नका. तिथे जाणकार माणूसच बोलवा. शिडीवर चढताना खाली धरणारा कोणी तरी हवाच. "मला काही होत नाही" म्हणणारेच आधी घसरतात!

तर आज फराळ झाल्यावर दहा मिनिटे काढा. वहीत तीन रकाने आखा : कोठे गळते, कोठे तडकले, कोठे ठिबकते. मुलांनाही हाताशी घ्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. होळी झाली की पहिल्या रविवारी ती वही उघडा. पुढल्या दिवाळीत भिंतींना रंग द्याल तो हौसेने द्याल, डाग लपवण्यासाठी नव्हे!