अळिवाचे लाडू आणि आयर्नची गोळी



मार्चमधली गोष्ट. आमचे चिरंजीव (वय वर्षे ५, इयत्ता रिसेप्शन) शाळेतून अंड्याचं एक टरफल घेऊन आले. टरफलावर स्केचपेनने डोळे-नाक काढलेलं, आत ओला कापूस आणि कापसावर पेरलेलं बी. आठवड्याभरात डोक्यावर हिरवे केस उगवतात, मग ते कात्रीने कापायचे आणि अंड्याच्या सँडविचमध्ये घालायचे. इंग्लंडातल्या शाळांमध्ये हा उद्योग पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. या रोपाला इथे क्रेस म्हणतात. एग अँड क्रेस सँडविच तुमच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी रेल्वे स्टेशनवर नाइलाजाने खाल्लं असेलच.

आई तेव्हा सांगलीहून आलेली होती. का, ते पुढे सांगतो. तिने चष्मा लावून टरफलात डोकावून पाहिलं. तांबूस बियांभोवती पारदर्शक, बुळबुळीत आवरण आलं होतं.

"अरे, हे तर अळीव! शाळेत अळीव वाया घालवतात होय रे?"

मी हसलो. पण दप्तरात बियांचं पाकीटही होतं, त्यावर बारीक अक्षरात शास्त्रीय नाव होतं : लेपिडियम सॅटिव्हम. नेटवर शोधलं तर आई बरोबर! आपले अळीव (कुणाकडे हळीव म्हणतात, हिंदीत हालिम, गुजरातीत असेळियो) आणि साहेबाची क्रेस ही एकच वनस्पती. तो पाला खातो, आपण बी खातो. त्याला ती सँडविचमधली हिरवी चिमूट, आणि आपल्याला बाळंतिणीचा खुराक. (सुपरमार्केटात सॅलड क्रेस म्हणून जो छोटा ट्रे मिळतो त्यात बऱ्याचदा रेपसीडची, म्हणजे मोहरीच्या चुलतभावंडाची रोपं असतात. तेव्हा पाकीट वाचून घ्या!)

आता आई का आली होती ते. फेब्रुवारीच्या शेवटी आमच्याकडे कन्यारत्न आलं. सगळं ठीक झालं, पण बायकोचं रक्त बरंच गेलं. डिस्चार्जच्या वेळी सांगितलं की हिमोग्लोबिन ९२ आहे. मी सांगलीला फोनवर आकडा कळवला. आई म्हणाली, "ब्याण्णव? अरे वा, मग काय काळजी!" तिला वाटलं शंभरपैकी मार्क आहेत. इथे हिमोग्लोबिन लिटरमागे ग्रॅममध्ये सांगतात, आपल्याकडे डेसिलिटरमागे. म्हणजे इथले ९२ हे आपले ९.२. हे समजल्यावर पाच सेकंद फोनवर शांतता. पुढच्या आठवड्यात आई विमानात.

बाळंतपणानंतर हिमोग्लोबिन १०० च्या खाली असेल तर इथे त्याला ॲनिमिया धरतात आणि साधारण तीन महिने लोहाच्या गोळ्या देतात. त्याप्रमाणे फेरस सल्फेटच्या गोळ्या मिळाल्या, रोज एक. बायको जिना चढली की मध्येच थांबून कठड्याला धरायची. रात्री बाळाला घ्यायला उठली की डोळ्यांपुढे अंधारी. मी मनाशी म्हटलं, गोळ्या चालू आहेत, होईल ठीक.

दहाव्या दिवशी नॅपीज शोधताना कपाटात गोळ्यांचं पाकीट सापडलं. फक्त चार गोळ्या कमी झालेल्या.

"घेतल्या चार दिवस. पोट इतकं घट्ट झालं की रडू यायचं, त्यात टाके. शिवाय आईंचे लाडू चालूच आहेत ना. आईच म्हणाल्या की अळिवात भरपूर लोह असतं."

आईने मान डोलावली. "तुझ्या वेळी मी काय गोळ्या घेतल्या होत्या? दोन लाडू सकाळी, वर दूध. सव्वा महिन्यात उठून कामाला लागले."

आता मी पडलो इंजिनिअर. आईशी वाद घालायचा तर हातात आकडे हवेत. चिरंजीव झोपल्यावर एक्सेल उघडलं.

सुरुवातीला वाटलं आई जिंकली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचा जो जुना तक्ता आहे (गोपालन आणि सहकाऱ्यांचा, १९७१ चा, १९८९ साली सुधारलेला), त्यात १०० ग्रॅम अळिवांत १०० मिलिग्रॅम लोह दिलंय. शंभरात शंभर! आजही कुठल्याही मराठी पाककृतीखाली किंवा व्हॉट्सॲपवर फिरतो तो हाच आकडा. आईच्या प्रमाणात १०० ग्रॅम अळिवांचे २० लाडू होतात, म्हणजे एका लाडवात ५ ग्रॅम अळीव, म्हणजेच ५ मिलिग्रॅम लोह. इथे बाईला दिवसाला १४.८ मिलिग्रॅम लोह लागतं असं धरतात. दोन लाडवांत १० मिलिग्रॅम. वाईट काय आहे?

पण त्याच संस्थेने २०१७ साली नवा तक्ता काढला. देशभरातून नमुने गोळा करून सगळं पुन्हा नव्याने मोजलं. त्यात अळिवांचं लोह बघा : १०० ग्रॅमला सतराच्या आसपास. शंभराचे सतरा! धान्याला-बियांना चिकटलेली माती नीट निघाली नाही तर मातीतलं लोहही मोजणीत येतं, आणि आकडे फुगतात. माती काही पचत नाही. मी नव्या आकड्यावर विश्वास ठेवला.

नव्या हिशेबाने एका लाडवात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नाही, ०.८५ फक्त. आणि फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत शुद्ध लोह असतं ६५ मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीच्या बरोबरीला ७५ च्या वर लाडू. बरं, आईच्या समाधानासाठी जुना आकडा धरला तरी १३ लाडू! एका लाडवाच्या (नारळ, गूळ, तूप धरून) १३०-१४० कॅलरी म्हटल्या, तर नुसत्या लाडवांच्याच दिवसाला १,७००-१,८०० कॅलरी. शिवाय वनस्पतीतलं लोह शरीरात मुळात कमी शोषलं जातं, बियांमधली फायटेट्स त्यात आणखी खोडा घालतात. आणि आई लाडवावर जे दूध द्यायची, त्यातलं कॅल्शियम लोहाला अडवतं. चहाने तर कहरच, आणि आमच्याकडे लाडवानंतर लगेच चहा ठरलेला!

सकाळी मी आईला एक्सेल दाखवलं. चूक केली. आई काही बोलली नाही. कढई उचलली आणि घासायला लागली. घासून झालेली कढई. मग पाठमोरीच म्हणाली, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं बाळंतिणींना काय भुसा घातला का?"

खरं सांगतो मंडळी, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच हजार मैलांवरून सुनेसाठी बाई येते, पहाटे उठून नारळ खवते, आणि मुलगा तिला सेल डी-७ मधला फॉर्म्युला दाखवतो. मग मी उलट बाजूने वाचायला घेतलं : लोह सोडून अळिवांत आहे तरी काय?

१. अळिवांत जवळजवळ चौथा हिस्सा प्रोटीन आणि जवळजवळ चौथा हिस्सा तेल. त्या तेलाचा साधारण तिसरा हिस्सा अल्फा लिनोलेनिक ॲसिड, म्हणजे जवसात असतं ते ओमेगा-३.

२. कॅल्शियम १०० ग्रॅमला तीनशे मिलिग्रॅमच्या वर. लाडवातल्या ५ ग्रॅममधून येतं ते थोडंच, पण येतं.

३. खरा मुद्दा हा : तो बुळबुळीतपणा. अळीव भिजवले की कितीतरी पट फुगतात आणि जेलीसारखे होतात. इसबगोलासारखाच हा पाण्यात फुगणारा चोथा आहे. पोटात तो पाणी धरून ठेवतो आणि पोट साफ व्हायला मदत करतो.

तिसरा मुद्दा वाचल्यावर माझी ट्यूब पेटली. बायकोने गोळी कशामुळे सोडली? पोट घट्ट होतं म्हणून. आणि लाडू काय करतो? तेच तर सैल करतो! आम्ही घरात दहा दिवस "गोळी की लाडू" असं भांडत होतो, आणि दोघांची कामं वेगळी होती. गोळीने रक्त वाढवायचं, लाडवाने गोळी सहन करायला मदत करायची.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग आधीच नीट वाचायचं होतंस." कढई खाली ठेवली, आणि नारळ मागितला.

अर्थात नुसतं माझ्या एक्सेलवर सोडलं नाही. बायकोने फार्मासिस्टला आणि मग जीपीला खरं खरं सांगितलं की गोळ्या सोडल्यात. कुणी रागावलं नाही. जीपीने एक दिवसाआड गोळी घ्यायला सांगितली, सोसत नसेल तर तसंही चालतं म्हणे. गोळी रिकाम्या पोटी, संत्र्याच्या रसाबरोबर, चहा-दूध तासभर तरी लांब. लाडू संध्याकाळी, म्हणजे त्याची जेली गोळीच्या वाटेत येत नाही. हे आधी विचारलं असतं तर दहा दिवस वाचले असते. तुमच्या घरी कुणी गोळ्या गुपचूप सोडल्या असतील तर कृपया आधी कपाट तपासा, मग एक्सेल उघडा.

आता करून बघणाऱ्यांसाठी आईची कृती. १०० ग्रॅम अळीव निवडून नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवा (नारळाचं पाणी नसेल तर साधं पाणी). चांगले फुगले की एका मोठ्या ओल्या नारळाचा चव आणि ३०० ग्रॅम चिरलेला गूळ घालून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवा. सतत ढवळा. कडा सोडून गोळा व्हायला लागला की चमचाभर तूप, वेलची, जायफळ. कोमट असताना वळा. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतात. इथल्या नारळाचा भरवसा नाही, आम्ही फ्रोझन खवलेला नारळ वापरला, काही बिघडलं नाही.

काही सूचना, या मात्र गमतीत घेऊ नका :

- पेरायच्या बियांचं पाकीट खाऊ नका. पेरणीच्या बियांना कधी कधी औषध लावलेलं असतं. खायचे अळीव किराणा दुकानातूनच घ्या.
- कोरडे बकाणे भरू नका. भिजवूनच खा आणि वर पाणी प्या. घशात फुगले तर अवघड.
- गरोदरपणात आपल्याकडे जुन्या बायका अळीव देत नाहीत, "उष्ण" म्हणतात. उष्ण-थंडचं शास्त्र तुम्ही माना वा न माना, हा नियम पाळलेला बरा.
- अळीव मोहरी-कोबीच्या कुळातले. थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून खा. आणि थायरॉक्सिनची गोळी व लोहाची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा.
- दूध वाढतं का? आई म्हणते वाढतं. मिडवाइफ म्हणाली, बाळाला वारंवार पाजलं की वाढतं. रात्री तीन वाजता उठून बाळाला आणि लाडवाचा डबा दोन्ही आणून देण्याचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे दोन्ही प्रयोग एकदमच चालले.

अळीव कुठे मिळतात? वेम्बलीला ईलिंग रोडवर आम्हाला पहिल्याच दुकानात मिळाले. पण "अळीव" मागितले तर काउंटरवरच्या काकांना कळेना. "हालिम" म्हटलं, तरी नाही. शेवटी आईने सुनेच्या बाळंतपणाचं सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला, "असेळियो! एम कहो ने!" आणि आतून पाकीट आणलं. त्यांचं कुटुंब १९७२ साली इदी अमीनने हाकललं तेव्हा युगांडाहून इथे आलं. नेसत्या कपड्यांनिशी आलो, म्हणाले, पण आईने पहिल्या हिवाळ्यात असेळियो कुठून तरी पैदा केलाच. आई आणि काका अर्धा तास बोलत होते, ती मराठीत, ते गुजरातीत. मी पार्किंगच्या तिकिटाकडे बघत होतो.

एप्रिलच्या शेवटी बायकोचं रक्त पुन्हा तपासलं. ११३. आता आईला भाषांतर लागत नाही, तिने स्वतःच दशांश चिन्ह सरकवलं, "अकरा पॉइंट तीन! लाडवांनी बघ कशी भरून निघाली." बायको म्हणाली, "हो ना आई," आणि माझ्याकडे बघून गोळीचं पाकीट हळूच सरकवलं. तीन महिन्यांचा कोर्स तिने पुरा केला.

आई मेमध्ये परत गेली. फ्रीझरमध्ये २० लाडू ठेवून गेलीय, बाहेर चिठ्ठी : "फक्त सुनेसाठी". त्यातले दोन कमी आहेत. चिरंजीवांवर संशय आहे, मी काही बोललेलो नाही.

कळावे, लोभ असावा.

ता.क. टरफलातल्या क्रेसचे केस छान वाढले होते. चिरंजीवांनी ते कापू दिले नाहीत. शेवटी आईने ते टरफल मागच्या दारी कुंडीत पुरलं. आता तिथे अळिवाचं झाड आलंय, बारीक पांढरी फुलंही धरलीत.