ओळख झिजेवरून पटते

दिवाळीपूर्वीची आवराआवर सुरू झाली की पेठेतील जुन्या घरांच्या माळ्यावरून बरेच काही खाली उतरते. तागाच्या गोण्या, पितळी डबे, मोडकी ताजवी, आणि त्यांच्यासोबत एखादे असे अवजार, की जे घरातील तरुणांपैकी कोणालाच ओळखता येत नाही. ते भंगारात जाते. वजनावर त्याचे मोल चार-दोन रुपये होते; पण घराण्याच्या व्यवसायाची एक खूण त्यासोबत कायमची नाहीशी होते.

समजा, हाती आलेली वस्तू म्हणजे वीतभर लांबीची लोखंडी नळी आहे. एक टोक निमुळते व अणकुचीदार, टोकाजवळ लांबट खाच, आणि मूठ आरपार पोकळ. कोणी तिला तेल ओतण्याची तोटी म्हणेल, कोणी तिफणीचा नळा. पण बाजूने उघड्या तोटीतून तेल सांडेल, आणि तिफणीच्या नळ्याला मुठीचे काय काम? उत्तर झिजेत असते. टोक घासून चकचकीत झालेले, खाचेच्या कडा बोथट, मूठ तळहाताच्या घर्षणाने गुळगुळीत. ही आडत दुकानात गोणीतील धान्याचा नमुना काढण्याची नळी होय. शिवण न उसवता टोक तागाच्या विणीतून आत खुपसायचे. ज्वारी, तूर किंवा हरभरा खाचेत शिरून मुठीवाटे तळहातावर येतो. नळी काढल्यावर टोकानेच वीण सारखी केली की छिद्र बुजते.

गोणीच्या तोंडाशी टपोरा दाणा आणि पोटात खडे-माती, असा माल ही नळी उघडा पाडत असे. भेसळीच्या अशा व्यवहाराला अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' म्हटले आहे. शास्त्रातील तो शब्द आणि माळ्यावरचे ते लोखंड यांचे नाते सांगणारे आजोबा घरात आहेत तोवरच ते नाते पुढच्या पिढीला कळू शकते.

धाराशिव जिल्ह्यात नावांचाही गुंता होतो. हा प्रदेश 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि उमरग्याच्या बाजूला कर्नाटकाची सीमा लागते. त्यामुळे एकाच अवजाराला मराठी, दख्खनी आणि कानडी अशी निरनिराळी नावे असू शकतात. वजनमापावर उर्दू अक्षरे दिसली, तर ते दशमान पद्धतीपूर्वीचे असण्याची शक्यता मोठी. मात्र घरातील कोणाला नाव आठवले नाही म्हणून शोध थांबवू नये. वृद्ध हमाल, लोहार किंवा सुतार यांना वस्तू दाखवावी. नाव विसरलेला माणूसही वस्तू हातात घेताच ती कशी धरायची हे दाखवून देतो.

याच जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर. पेरिप्लस या पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारवृत्तानुसार येथील कापड गाड्यांतून भडोचला जाई. तेरला मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असलेली मूर्ती 1938 साली इटलीतील पाँपेई येथे सापडली. तिच्या डोक्यातून खाली गेलेले छिद्र पाहून ती आरंभी आरशाची मूठ मानली गेली. पुढे ती लहान मेजाचा पाय असावी, असे मत पुढे आले. म्हणजे अभ्यासकांचाही पहिला तर्क बदलतो. तो बदलता येतो, कारण वस्तू जपलेली असते.

तेर हे संत गोरोबा काकांचे गाव. त्यांनी थापटण्याने संतांच्या डोक्यावर ठोकून कच्चे मडके कोणते हे पारखल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. थापटणे कुंभार बाहेरून मारतो. त्याच वेळी आतून आधार द्यायला दुसऱ्या हातात दगडाचा किंवा भाजक्या मातीचा गोळा धरतो. तो गोळा एकटा सापडला तर वजन, बत्ता किंवा झाकण वाटेल. थापटण्याशेजारी ठेवला की कोडे सुटते. अनेक अवजारे अशी जोडीनेच ओळखू येतात.

तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीत मिळणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या; त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज गावात उभे आहे. इतरांनी टाकाऊ मानलेले त्यांनी उचलून ठेवले, म्हणून तगराचा इतिहास आज डोळ्यांनी पाहता येतो.

प्रत्येक घराला संग्रहालय उभारता येणार नाही. परंतु एक चिठ्ठी लिहिता येते. अनोळखी अवजार सापडले तर ते लगेच घासून लख्ख करू नये, कारण गंजाबरोबर झिजेच्या खुणाही पुसल्या जातात. ते कोणत्या खोलीत, कशाशेजारी मिळाले, कोणी वापरले आणि कशासाठी, हे कागदावर लिहून वस्तूला बांधावे. यंदाच्या आवराआवरीत भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी ती वस्तू एकदा आजोबांच्या हातात द्यावी. कदाचित बोटे आपोआप मुठीवर बसतील आणि मुखातून नावही निघेल.