राणी आणि डार्थ व्हेडर
प्रशांत महासागरातल्या निउए बेटावर जेमतेम दीड-दोन हजार माणसं राहतात, व्यवहार न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये चालतो. तरीही २०११ मध्ये निउएच्या नावानं दोन डॉलरची चांदीची नाणी निघाली: एका बाजूला राणी एलिझाबेथ, दुसरीकडे ‘स्टार वॉर्स’मधला डार्थ व्हेडर! त्यातली चांदीच दोन डॉलरहून कितीतरी महाग, त्यामुळे ती दुकानदाराच्या गल्ल्यात न पडता थेट संग्राहकाच्या डबीत गेली. बेटाला मिळते ती रॉयल्टी. पण अशा नाण्यांत अस्सल इतिहासही सापडतो. पन्नासेक वस्तीच्या पिटकेर्न बेटानं १९८८ मध्ये पहिली नाणी काढली, ती आपल्या १८३८ च्या राज्यघटनेच्या दीडशेव्या वर्षानिमित्त. त्याच घटनेनं तिथल्या बायकांना मताधिकार दिला होता. ब्रिटनमधल्या बायकांना त्यासाठी १९१८ पर्यंत झगडावं लागलं.