कागद आपले, उत्तरही आपलेच

ऑगस्ट-सप्टेंबर आला की परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या घरी धावपळ सुरू होते. आपल्या वस्त्यांतून कोणी शिष्यवृत्तीवर, कोणी कर्ज काढून इंग्लंडला जातो, ही आनंदाची गोष्ट आहे. पण बहुतेक घरांत यापूर्वी विमानात कोणीच बसलेले नसते. मग सगळी भिस्त तिकीट काढून देणाऱ्यावर. कर्ज आपल्या नावावर आणि कागद दुसऱ्याच्या हातात, हे बरे नव्हे. मुंबईहून दुबईला विमान बदलून मँचेस्टर, असा प्रवास धरून काही गोष्टी सांगतो.

आधी तिकीट वाचा. दोन्ही विमाने एकाच बुकिंगवर, म्हणजे एकाच पीएनआरवर हवीत. तसे असले की मुंबईत दिलेली बॅग सहसा थेट मँचेस्टरला मिळते. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकले, तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते. चार पैसे वाचवायला दोन सुटी तिकिटे घेतली, तर दुबईत बॅग घेण्यासाठी बाहेर पडावे लागू शकते आणि त्यासाठी तिथला व्हिसा लागू शकतो. विमान चुकले तर नवे तिकीटही आपल्याच खर्चाने. विमान कोणत्या देशात बदलायचे हेही पाहावे. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी इमिग्रेशनमधून जावे लागते आणि आपल्याला व्हिसा लागतो.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, तर सप्टेंबरात इंग्लंडचे साडेचार तास मागे. दोन विमानांत तीन तासांचे अंतर असेल तर जीव घाबरा होत नाही.

आता सामान. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते. महायुद्धात ती बोट टॉर्पेडोने बुडाली आणि त्यांचा मोलाचा ग्रंथसंग्रह गेला. आज टॉर्पेडो नाही, पण बॅग चुकते. म्हणून पासपोर्ट, प्रवेशपत्र, मूळ गुणपत्रिका, औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीतच ठेवा. पॉवर बँकही हातातच लागते, मोठ्या बॅगेत चालत नाही. मोठ्या बॅगेत सुके खोबरेही चालत नाही. अमिरातीत खसखशीला बंदी आहे, तेव्हा आईने प्रेमाने बांधलेल्या मसाल्यातही ती नको. भारतातून ब्रिटनमध्ये मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप-पेढे घरीच खाऊन घ्यावेत.

मुंबईत तीन तास आधी पोचा. काउंटरवर दोन्ही बोर्डिंग पास मागून घ्या आणि बॅगेच्या टॅगवर शेवटचे गाव मँचेस्टरच आहे ना, ते विचारा. टॅगची पावती जपा. नंतर इमिग्रेशन, मग सुरक्षा तपासणी. दुबईत उतरल्यावर 'ट्रान्सफर'च्या पाटीमागे जा. तिथे पुन्हा तपासणी होते. गेट बदलू शकते, म्हणून पडद्यावर पाहत राहा.

मँचेस्टरला अधिकारी विचारतो: काय शिकणार, कुठे राहणार, खर्च कोण करणार? हे प्रश्न इतर प्रवाशांनाही विचारतात. त्यात आपला अपमान नाही आणि घाबरण्यासारखेही काही नाही. खरे तेवढे, थोडक्यात सांगा. इंग्रजी अडखळले तर प्रश्न पुन्हा विचारायला सांगा. न समजता 'येस' म्हणू नका. तिथला विद्यार्थी व्हिसा आता ऑनलाइन, म्हणजे ई-व्हिसा असतो. खात्याला जोडलेला पासपोर्ट तोच आहे का, हे निघण्यापूर्वी तपासा. फोन बंद पडला तर म्हणून प्रवेशपत्राची आणि राहण्याच्या पत्त्याची छापील प्रत ठेवा. बोर्डिंग पास फेकू नका. उद्या प्रवासखर्चाचा हिशेब द्यावा लागला तर तोच पुरावा.

पालकांनी एवढेच करावे. निघण्याच्या आठ दिवस आधी सगळे कागद जमिनीवर मांडून मुलीला किंवा मुलाला प्रत्येक कागद काय आहे ते सांगायला लावावे. जिथे ते अडतील, तेवढे त्याच दिवशी विचारून घ्यावे. विमानतळाच्या दारापुढे आपल्याला जाता येत नाही.