रिकामा तास

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गाला मी निबंधासाठी विषय दिला होता : 'माझा रिकामा वेळ'. विषय सोपा, नेहमीचा. तेव्हा उत्तरेही नेहमीचीच येतील अशी माझी अटकळ होती आणि बहुतेक तशीच ती आली. कोणी क्रिकेटविषयी लिहिले, कोणी ओहोळात डुंबण्याविषयी, पुष्कळांनी मोबाईलविषयी. एका मुलीची वही मात्र हातात घेतली ती लवकर खाली ठेववेना. शाळा, शिकवणी, संगीताचा वर्ग, गृहपाठ असा आपला दिवस तासातासाने मांडून तिने शेवटी लिहिले होते, "मला रिकामा वेळ रात्री साडेदहानंतर मिळतो. आईला तोही मिळत नाही."

या दोन वाक्यांना गुण किती द्यावे हे मला कळेना. त्यांचे खरे उत्तर देण्याची जबाबदारी परीक्षकापेक्षा वडीलधाऱ्यांवर अधिक आहे, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

आम्हां गोमंतकीयांना विश्रांतीविषयी बोलताना थोडा संकोच वाटतो. आमच्या घरच्या कोकणीत 'सुशेगाद' असा एक शब्द आहे. मूळच्या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, निवांत इतकाच. परंतु बाहेरची मंडळी त्याचा उच्चार हसत हसत करतात आणि त्या हसण्यात 'आळशी' हा अर्थ दडलेला असतो. दुपारी एकच्या सुमारास बंद होणारी आणि साडेतीन-चारला उघडणारी आमच्या गावांतील दुकाने ही त्यांना त्याची साक्ष वाटते.

हा आरोप तपासून पाहण्याजोगा आहे. आमचा पदेर पाव भाजण्यासाठी मध्यरात्रीनंतर भट्टीपाशी उभा राहतो आणि उजाडताच दारोदार फिरू लागतो. रेंदेर सूर काढण्यासाठी त्याच माडांवर दिवसातून तीन वेळा चढतो. मासळी विकणारी बाई पहाटे धक्क्यावर गेलेली असते. ज्यांचा दिवस कोंबडा आरवण्यापूर्वी सुरू होतो, त्यांनी दमट उष्म्याच्या ऐन भरात घटकाभर पाठ टेकली, तर त्याला आळस म्हणता येणार नाही. ती कामाचीच एक शहाणी मांडणी आहे. ज्याने सकाळ कामात घालविली त्याची दुपार पाहून त्याला हसणे, हे अर्धे पुस्तक वाचून लेखकाला दोष देण्यासारखे आहे.

विश्रांती ही सुखवस्तू माणसाची चैन आहे, गरिबाला ती परवडत नाही, असा दुसरा आक्षेप घेतला जातो. इतिहास मात्र नेमके उलट सांगतो. मुंबईच्या गिरण्यांतील कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत आणि त्यांना आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली या कामगारांना संघटित केले. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारकडे गेले. पुढे सहा वर्षे ही मागणी रेटावी लागली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ज्यांच्या घरी उद्याच्या भाकरीची भ्रांत होती, त्यांनी पगारवाढीइतक्याच आग्रहाने एक दिवस मागितला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शरीर हेच ज्याचे भांडवल, त्याला विश्रांतीची किंमत सर्वांत आधी कळते.

त्या कामगारांचे म्हणणे किती रास्त होते, हे आता वैद्यकशास्त्रानेही सिद्ध केले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम केल्यामुळे उद्भवलेल्या हृदयविकाराने व पक्षाघाताने २०१६ या एका वर्षात जगभर सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली. म्हणजे अतिश्रम हा केवळ कंटाळ्याचा किंवा चिडचिडीचा प्रश्न नाही, तो आयुष्याच्या दोरीचा प्रश्न आहे.

मग विश्रांती म्हणजे नेमके काय? काम थांबले की ती आपोआप मिळते काय? पूर्वी कचेरीचे दार बंद झाले की काम आतच राहत असे. आता ते खिशातल्या मोबाईलमधून घरी येते आणि जेवणाच्या पानापर्यंत पाठ सोडत नाही. फ्रान्समध्ये तर कामाच्या वेळेबाहेर अशा निरोपांपासून अलिप्त राहण्याचा नोकरदाराचा हक्क २०१७ पासून कायद्यात आणावा लागला. आणि कामाचे निरोप थांबले तरी बोट काचेवर फिरतच राहते. एक चित्र, दुसरे चित्र, तिसरे. तासाभराने मान वर करावी तो डोळे जळजळत असतात आणि काय पाहिले ते आठवत नाही. याला करमणूक म्हणा हवे तर. विसावा म्हणवत नाही. विसाव्याची खूण अगदी सोपी आहे : त्यातून उठल्यावर मन आधीपेक्षा हलके झालेले असते.

आमच्या गावांनी ही खूण ओळखली होती. देवळाच्या उत्सवात रंगभूमीवर उभे राहणारे नट कोण असत? दिवसा शेतात, दुकानात, शाळेत राबणारीच माणसे. दिवसभराच्या श्रमानंतर रात्री ती तालमीला जमत आणि तरी दुसऱ्या दिवशी अधिक उमेदीने कामाला लागत. पौष महिन्यात मांडावर धालो खेळण्यासाठी बायका रात्री घराबाहेर पडत, अजूनही पडतात. घरच्या स्त्रीसाठी वर्षातल्या काही रात्री तिच्या स्वतःच्या म्हणून राखून ठेवाव्यात, ही त्या चालीतली समज मला फार मोलाची वाटते.

कारण याच ठिकाणी मला त्या मुलीचे दुसरे वाक्य आठवते. २०१९ साली आपल्या देशात लोकांच्या वेळेच्या विनियोगाची सरकारी पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे तीत आढळले. म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि त्यांचा पगार नाही, रविवारही नाही. उलट रविवारी सगळे घरी म्हणून पदार्थ दोन अधिक! लोखंड्यांनी मिळविलेली सुटी गिरणीच्या दारापर्यंत पोहोचली. आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत ती अजून पोहोचावयाची आहे.

आता विद्यार्थ्यांविषयी. स्पर्धेचा काळ आहे, मुलगा मागे पडेल, ही पालकांची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी शिक्षकाच्या पोटातही गोळा येतो. परंतु तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते, असे निद्रेचे तज्ज्ञ सांगतात. आणि दिवसा शिकलेले झोपेतच स्मरणात पक्के होते, हेही आता ठाऊक झाले आहे. तेव्हा झोप तोडून अभ्यास करणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणे होय. मुलांचा विश्रांतीचा व खेळाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत ३१ व्या कलमाने नमूद केला आहे आणि आपल्या देशाने ती संहिता १९९२ साली मान्य केली आहे. तो हक्क घराच्या वेळापत्रकातही उतरावा, एवढेच माझे मागणे.

ते कसे करावे? विद्यार्थिमित्रहो, भिंतीवर लावलेल्या आपल्या वेळापत्रकात आधी झोप लिहा, मग संध्याकाळचा एक रिकामा तास लिहा आणि उरलेल्या वेळात अभ्यास बसवा. त्या तासात मैदानावर जा, व्हायोलिन वाजवा, आजीशी गप्पा मारा किंवा व्हरांड्यात बसून नुसता पाऊस पाहा. फक्त मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि पालकांनो, रविवारची संध्याकाळ घरातील गृहिणीची समजा. त्या वेळची पेज, भाजी आणि भांडी बाकीच्यांनी वाटून घ्यावी. सुरुवातीला पेज करपेल, करपू द्यावी.

उपदेश करणाऱ्याने स्वतःचाही हिशेब द्यावा. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी नेऊन मध्यरात्रीपर्यंत तपासण्याची खोड मला आहे, आणि मी ती बरीच वर्षे कर्तव्यदक्षता समजत आलो. त्या मुलीची वहीदेखील मी रात्री अकरा वाजता तपासत होतो, आणि आतल्या खोलीत कोणीतरी उद्याच्या डब्यासाठी नारळ खवत होते. त्या रात्री मी लाल पेन बंद केला आणि आत जाऊन खवणी मागून घेतली.

वहीवर गुण मी दुसऱ्या दिवशी दिले.