लाभांश म्हणजे व्याज नव्हे

निवृत्त मंडळींच्या बैठकीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : 'माणसे खायची थांबणार आहेत का?' खाद्यपदार्थांच्या मोठ्या कंपनीचे समभाग घेऊन ठेवावेत, म्हणजे मुदत ठेवीच्या व्याजाप्रमाणे लाभांश खात्यात पडत राहील, असा त्यामागचा हिशेब. प्रस्तुत लेखक कला शाखेचा. ताळेबंद वाचताना त्याची आजही दमछाक होते. तरीही अमेरिकेतील क्राफ्ट हाइन्झची कथा या मंडळींनी एकदा नजरेखालून घालावी.

केचपची हाइन्झ आणि चीजची क्राफ्ट या दोन जुन्या कंपन्यांचे २०१५ मध्ये विलीनीकरण झाले. पाठीशी वॉरन बफे यांची बर्कशायर हॅथवे आणि खर्चकपातीसाठी ख्यातनाम असलेली थ्रीजी कॅपिटल. कारखाने बंद झाले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, नफ्याचे प्रमाण वाढले. तिमाही लाभांशही ५५ सेंटवरून २०१७ मध्ये साडेबासष्ट सेंटवर गेला. भागधारक खूश! ग्राहक मात्र ताज्या, कमी प्रक्रिया केलेल्या अन्नाकडे वळत होता आणि कंपनीच्या डोक्यावर तीन हजार कोटी डॉलरच्या घरातले कर्ज होते.

२१ फेब्रुवारी २०१९ रोजी कंपनीने क्राफ्ट, ऑस्कर मायर आदी मत्तांचे पुस्तकी मूल्य १,५४० कोटी डॉलरने घटवले आणि लाभांश ४० सेंटवर आणला. दुसऱ्या दिवशी समभाग सुमारे २७ टक्क्यांनी कोसळला. क्राफ्टसाठी आपण जास्त किंमत मोजली, अशी कबुली खुद्द बफे यांनी दिली. (आपल्या परिचयाचे कॉम्प्लान आणि ग्लुकॉन-डी याच कंपनीकडे होते, २०१९ च्या आरंभी अहमदाबादच्या झायडस समूहाने तो व्यवसाय ४,५९५ कोटी रुपयांना घेतला.)

ठेवीचे व्याज हे बँकेवरचे देणे असते. लाभांश द्यायचा की नाही, किती द्यायचा, हे संचालक मंडळ ठरवते. त्याविरुद्ध दाद कुठे मागणार? शिवाय लाभांशाची टक्केवारी फसवी असते. २०२५ च्या अखेरीस हा समभाग पंचवीस डॉलरच्या आसपास घुटमळत होता. वर्षाचा लाभांश १.६० डॉलर, म्हणजे सहा टक्क्यांहून अधिक! कागदावर आकडा मोहक दिसतो. पण तो लाभांश वाढल्यामुळे नव्हे, भाव पडल्यामुळे वाढलेला आहे. ज्याने २०१७ मध्ये नव्वद डॉलर मोजून हाच समभाग घेतला, त्याच्या पदरातही तेच १.६० डॉलर पडतात. टक्केवारी काढली तर दोन टक्केही भरत नाहीत.