विंच बंपरला डागू नका. चेसिसला बसवा, आणि निघती ठेवा



चार दिवसांपासून एकच व्हिडिओ मला दहा जणांनी पाठवला. पिकअपच्या पुढच्या बंपरला विंच वेल्डिंग केलेली, वायर थेट बॅटरीला, आणि खाली लिहिलंय 'शेतकऱ्याचा देशी जुगाड'. कमेंटमध्ये सगळे वाघ, सिंह, सलाम. एकानंही विचारलं नाही की फ्यूज कुठंय? वायर किती एमएमची? बंपर कशावर उभा आहे?

मी गप्प बसलो असतो. पण हाच जुगाड मी तीन वर्षांपूर्वी केला होता, आणि त्याचा डाग माझ्या पुतण्याच्या तळहातावर अजून आहे. म्हणून आज थोडं कडक लिहितो. राग आला तर येऊ द्या.

परतीच्या पावसाचे दिवस होते. सोयाबीनचे पंचवीस कट्टे भरून पिकअप रानातून निघाली आणि पांदणीत पुढची चाकं बसली. काळी माती तुम्हाला सांगायला नको. चाक एकदा फिरलं की टायरच्या नक्षीत माती भरते, टायर गुळगुळीत होतो आणि गाडी जागच्या जागी खाली जाते. पण मला कसली काळजी? पुढं विंच होती. फॅब्रिकेशनवाला म्हणाला होता, "काका, हत्ती बांधा, बंपर हलायचा नाही."

दोर पुढच्या बाभळीला बांधला आणि बटण दाबलं. गाडी हातभर पुढं सरकली, म्हणजे अजून खोल चिखलात. मग बंपरचा डावा कान वाकला. विंच तिरपी झाली आणि वायर विंचच्या प्लेट आणि चेसिसच्या मधे चेपली. पुतण्या ओरडला, "काका, थांबा, धूर निघालाय!" मी बटण सोडलं. पण बटणाचा काय संबंध? वायर बॅटरीला थेट होती, मधे काहीच नव्हतं. पोरानं पाना घेऊन टर्मिनल काढलं म्हणून गाडी वाचली. तळहात मात्र भाजला. विम्याच्या माणसानं चार फोटो काढले आणि 'हे कंपनीचं फिटिंग नाही' म्हणून निघून गेला. त्याच्यावर तरी काय रागवायचं? खरंच होतं ते. गाडीचे हप्ते चालू होते, ते चालूच राहिले.

त्या दिवसानंतर मी विंच फेकली नाही. बसवायची कशी ते शिकलो.

पहिला मुद्दा: विंच पुढं कायमची काहून?

गाडी चिखलात नाकानं घुसते. तिथून निघायचा सोपा रस्ता बहुतेक वेळा मागंच असतो, कारण मागची जमीन आपण नुकतीच पार करून आलेलो असतो. पुढं डागलेली विंच तुम्हाला फक्त पुढं ओढते, म्हणजे जिथं जायला नको तिथंच. विंच मागंही लागली पाहिजे. तसं करायचं तर ती निघती पाहिजे.

शिवाय चाळीस किलोचं लोखंड बारा महिने गाडीच्या तोंडावर कशाला वागवायचं? वर्षातून पाच-सहा वेळा तिचं काम. बाकीचे दिवस ती पावसात भिजते, चिखल खाते, आणि ऐन वेळी ड्रम जाम. माझी आता आखाड्यावर पत्र्याखाली असते. पावसाळ्यात हौदात टाकतो.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीत मनमानी बदल करू नका असं सांगतं. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र काढून गाडीपुढच्या लोखंडी बुलबारवर कारवाई करायला सांगितलं होतं. त्यामागचं कारण साधं आहे: पुढून माणूस धडकला तर ते लोखंड त्याला जास्त लागतं. बाजाराच्या गर्दीत रोज तसली गाडी घालणं मला तरी पटत नाही. चेसिसला काही लावायच्या आधी आरटीओत विचारून घ्या, हेही सांगून ठेवतो.

दुसरा मुद्दा: ताकद कुठं जाते ते बघा.

बंपर हा ओढायचा भागच नाही. तो पातळ पत्र्याचा, दोन कानांवर टांगलेला असतो. माल भरलेली पिकअप तीन टनांच्या आसपास जाते, आणि चाकं पूर्ण बुडाली तर तेवढ्याच वजनाइतका ओढा लागू शकतो. तो सगळा ओढा त्या दोन कानांवर! वडील मोटेच्या गोष्टी सांगायचे. नाडा तुटला तर एक मोट पाणी वाया जायचं, पण चाकाचा आधार निसटला तर बैलांसकट घात. आधार आधी, दोर नंतर. त्या माणसांना जे कळत होतं ते आपण मोबाइल बघून विसरलो.

आता मी केलंय ते असं. चेसिसच्या दोन्ही दांड्यांना आडवा जाड चॅनल, आणि त्याच्या मधोमध सहा एमएम जाडीचा चौकोनी पाइप. पुढं एक, मागं एक. विंच एका वेगळ्या प्लेटवर बसवली आणि त्या प्लेटला दोन इंची चौकोनी दांडा. दांडा पाइपात सरकवायचा, पाच सुताची आडवी पिन घालायची, पिनेला क्लिप. झालं. दोन माणसं, पाच मिनिटं.

चॅनल बसवताना चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू दिलं नाही. कंपनीची जी भोकं आहेत, हुकाची आणि बंपरच्या कानांची, तीच घेतली. दोन्ही बाजूंनी प्लेट आणि 8.8 चे बोल्ट. चेसिसवर वेल्डिंगचा एक टाकाही नाही. चॅनल-पाइपाचं वेल्डिंग बाहेर जमिनीवर केलं, मग बोल्टनं चढवलं.

ह्यात एक खोट आहे, तीही सांगतो. एकाच दांड्यावर विंच असल्यानं तिरपा ओढा तिला चालत नाही. दोर शक्यतो गाडीच्या सरळ रेषेत पाहिजे. झाड बाजूला असेल तर कप्पी लावून दिशा बदला. हे ज्याला जमायचं नाही त्यानं ट्रॅक्टरवाल्याला फोन लावावा, त्यात कमीपणा नाही.

तिसरा मुद्दा, आणि सगळ्यात मोठा: वायर.

व्हिडिओतल्या पोरानं बोअरच्या मोटरीची उरलेली फ्लॅट केबल वापरलीय. आपल्या सगळ्यांच्या घरी तिचं वेटोळं पडलेलं असतं. पण बोअरची मोटर चारशे व्होल्टवर चालते, तिला थोडे अँपियर पुरतात. विंच बारा व्होल्टची. 9500 पौंडाची, म्हणजे साधारण 4300 किलोची विंच पूर्ण ओढ्याला चारशे अँपियरच्या आसपास खाते. व्होल्ट कमी तिथं अँपियर जास्त, आणि अँपियर जास्त तिथं वायर जाड.

दहावीच्या विज्ञानात ओहमचा नियम होता, तेवढाच इथं लागतो. बॅटरीपासून गाडीच्या मागच्या टोकापर्यंत पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. तांब्याची 6 एमएमची वायर घेतली आणि 300 अँपियर न्यायचे म्हटले तर साडेआठ व्होल्ट वायरच खाईल. बारातून साडेआठ गेले, विंचला उरलं काय? 35 एमएमला दीड व्होल्ट जातो. 50 एमएमला एक. 70 एमएमला पाऊण. मी 50 ची घेतली. वेल्डिंगची तांब्याची केबल हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. तार खरवडून बघून घ्या, कारण तशीच दिसणारी ॲल्युमिनियमची पण मिळते. निगेटिव्हलाही तेवढीच जाड वायर बॅटरीपर्यंत ओढा. गंजलेल्या चेसिसवर अर्थिंगचा भरवसा ठेवू नका.

व्होल्टेज पडल्यावर काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. डीपीपासून शेवटच्या मोटरीचे हाल आपण रोज बघतो. मोटर घुमते, तापते, जळते. विंचचंही तेच. उलट इथं अजून वाईट: व्होल्टेज पडलं की कॉन्टॅक्टर फडफडतो आणि त्याचे पॉइंट चिकटू शकतात. मग बटण सोडलं तरी विंच ओढतच राहते. दोर ताणलेला, माणसं भोवती, आणि मशीन थांबेना!

म्हणून बॅटरीपासून वीतभर अंतरात मोठा फ्यूज आणि हातानं बंद करायचा कट-ऑफ स्विच. एरवी तो बंद, म्हणजे मागपर्यंत गेलेली वायर मेलेली. वायर रबरी नळीतून नेलेली, सायलेन्सरच्या उलट्या बाजूनं, हातहातभर अंतरावर क्लॅम्प. पुढं आणि मागं बॅटरीच्या फोर्कलिफ्टला असतो तसला दोन पिनांचा मोठा प्लग, दुकानात अँडरसन प्लग म्हणतात. विंच लावायची, प्लग खोचायचा, स्विच चालू. त्या दिवशी हा स्विच असता तर पोराचा हात भाजला नसता.

बॅटरीचाही हिशेब करा. 300 अँपियरनं पाच मिनिटं सलग ओढलं तर पंचवीस अँपियर-तास गेले. गाडीचा अल्टरनेटर त्यातले थोडेच भरून देतो. म्हणजे साध्या बॅटरीचा तिसरा हिस्सा एका दमात साफ. मग गाडी निघते आणि स्टार्टर फिरत नाही! इंजिन चालू ठेवा, मिनिटभर ओढा, थांबा, मोटरीला हात लावून बघा, परत ओढा. कप्पी लावून दोर दुहेरी केला तर ओढा निम्म्यावर येतो आणि अँपियरही बरेच उतरतात. वेळ दुप्पट लागतो, लागू द्या. आणि विंचवर लिहिलेले किलो ड्रमवरच्या पहिल्या थराचे असतात. दोराचे थर चढले की ताकद उतरते. म्हणून दोर लांब सोडून ओढा, पण ड्रमवर पाच वेढे राहू द्या.

आता जिवाच्या तीन गोष्टी.

एक, विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताण्याला दोर बांधू नका. बांधणारे मी डोळ्यांनी बघितलेत. बांधावरचं जुनं लिंबाचं झाड बघा, आणि त्याला रुंद पट्टा गुंडाळा. तारेचा दोर तिलाच अडकवून फास करू नका.

दोन, ताणलेल्या दोराजवळ कुणी नको. पोरं तर नकोच. दोरावर ओला बारदाना टाका, म्हणजे तुटला तरी उसळी कमी.

तीन, विहिरीत माणूस उतरवायला ही विंच वापरू नका. गाळ काढताना 'यारी कशाला, विंच आहे ना' म्हणणारे भेटलेत. माझ्या विंचच्या पुस्तकात माणूस किंवा वजन उचलायला वापरू नका असं स्वच्छ लिहिलंय. ती आडवं ओढायला केलेली आहे. तिचा ब्रेक माणूस टांगायचा नाही.

लोक म्हणतील, एवढा खर्च कोण करणार? खरंय. विंचला जेवढे गेले त्याच्या निम्मे मला केबल, प्लग, स्विच आणि लोखंडाला लागले. पण उलटा विचार करा. पैसे कमी असतील तर विंच लहान घ्या आणि कप्पी लावा. वायर आणि बसवणुकीत कापू नका. स्वस्त विंच बंद पडते. स्वस्त वायर पेटते.

आणि त्या 'जुगाड' शब्दाचा मला आता वीट आलाय. आपल्याकडं पैसे नसतात म्हणून आपण जुळवून घेतो, ती आपली अडचण आहे. तिला शेतकऱ्याची अक्कल म्हणून मिरवू नका. पांदण पक्की झाली असती तर विंचच लागली नसती, आणि पांदण मागायला आपण चौघं एकत्र जात नाही. व्हिडिओखाली वाघ लिहायला मात्र चारशे जण येतात.

त्या व्हिडिओवाल्या पोरावर माझा राग नाही. तो माझाच तीन वर्षांपूर्वीचा फोटो आहे. कुणाच्या ओळखीचा असेल तर त्याला एवढंच सांगा: बाबा, आज संध्याकाळी बॅटरीचं टर्मिनल काढून ठेव आणि सकाळी फ्यूज आणायला जा.

चॅनलचे आणि प्लगचे फोटो खाली टाकलेत. काही चुकलं असेल तर सांगा, दुरुस्त करीन. पुतण्याच्या हाताचा फोटो टाकणार होतो, तो नको म्हणाला.